तहान नसलेली हवा

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेलंच नसेल, म्हणून आधी माझी ओळख करून देते. मी छागल. पाणी भरायची जाड कॅनव्हासची पिशवी. वर धरायला दोरी, एका कोपऱ्याला लाकडी तोंड आणि त्यात बसणारं सागाचं बूच. त्या बुचावर दातांच्या दोन खुणा आहेत. त्या उंदराच्या नाहीत, माणसाच्या आहेत. त्या कशा पडल्या हे सांगण्यासाठीच मी आज बोलते आहे. बोलायला हवं होतं तेव्हा मला बोलता आलं नाही.

माझा जन्म नागपूरच्या लकडगंजातला. मारोतराव नावाचे कारागीर तिथे ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवायचे आणि उरलेल्या कॅनव्हासातून उन्हाळ्याच्या तोंडावर छागली. मेण लावलेला दोरा, दुहेरी शिवण, हात असा पक्का की टाका उसवायची बातच नाही. गिऱ्हाइकाच्या हातात छागल देताना ते दर वेळी बजावत, "पह्यले रातभर भिजू घाला हिले. सूत फुगू द्या. मंग पाहा, फ्रिजले लाजवते का नाही." मला ज्यांनी घेतलं ते देवराव तेव्हा वीज खात्यात लाइनमन होते. त्यांनी मला सायकलच्या दांडीला अडकवलं आणि थेट सक्करदऱ्याला घरी आणलं. त्यांच्या बायकोने, कौसल्याबाईंनी, मला बादलीत बुडवलं. त्या दिवसापासून मी त्या घरची झाले.

पाणी गार करायचं माझं कसब सांगते. पाणी माझ्या अंगातून बारीक पाझरत राहतं. बाहेरची हवा कोरडी असली की ती ते पाणी पिऊन टाकते आणि जाताना आतला ताप सोबत घेऊन जाते. म्हणून ऊन जितकं कडक आणि हवा जितकी कोरडी, तितकं माझं पाणी गार. नागपूरचा मे महिना म्हणजे तर माझे सुगीचे दिवस. रामटेककडच्या धानाच्या बांध्यांतून तारा ओढताना देवराव खांबावर आणि मी खांबाखालच्या बाभळीला. डोक्या-कानाला पांढरा दुपट्टा आणि लू लागू नये म्हणून खिशात एक कांदा, असा त्यांचा थाट. एकदा जीपमधून आलेल्या मोठ्या साहेबांनी माझं पाणी पिऊन विचारलं होतं, "बर्फ टाकलाय का रे यात?" देवरावांनी ती गोष्ट पुढे किती जणांना सांगितली असेल, त्याला गणतीच नाही. माझीही छाती फुगायची.

पण त्या उन्हाने देवरावांच्या अंगात एक तोराही भरला. बाहेरगावचा कुणी उन्हाने कण्हला की ते हसायचे. "आम्ही सत्तेचाळीस डिग्रीतले," म्हणायचे. घरात कुणी ऊन लागलं म्हटलं तरी त्यांना ते नखरे वाटायचे. कौसल्याबाई त्यामुळे कधी काही म्हणायच्याच नाहीत.

मग घराघरांत फ्रिज आले, प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. देवराव निवृत्त झाले आणि मी ओसरीतल्या खिळ्याला लटकले. माझी कुणाला गरज उरली नव्हती. तरी कौसल्याबाई दर उन्हाळ्यात मला भिजवायच्या, उसवलेली कड शिवायच्या, दोन दिवस भरून ठेवायच्या. मुलगी भावना म्हणायची, "आई, काहून करतं वं हे? कोणी पेत तं नाही तिचं पाणी." कौसल्याबाई म्हणायच्या, "पेत नाही म्हणून सूत मरू द्यावं का?"

या कौसल्याबाईंची आयुष्यात एकच मोठी इच्छा होती. छप्पन साली दीक्षाभूमीवर त्यांच्या आईने त्यांना कडेवर घेऊन दीक्षा घेतली होती, तेव्हा त्या जेमतेम तीन वर्षांच्या होत्या. पुढे विहारात दर ज्येष्ठ पौर्णिमेला त्यांनी महिंद थेर या थोर भिक्खूंची गोष्ट ऐकली. थेर समुद्रापलीकडे लंकेत एका डोंगरावर उतरले, आंब्याच्या झाडाजवळ त्यांना राजा भेटला आणि तिथून धम्म त्या देशात पसरला. तो डोंगर अजून आहे, त्याला मिहिंतले म्हणतात, वर जायला दगडी पायऱ्या आहेत, हे भावनाने त्यांना फोनवर फोटो दाखवून सांगितलं. तेव्हापासून बाईंचा एकच ध्यास. एकदा त्या डोंगरावर डोकं टेकवायचं.

भावना शाळेत शिकवते. तिने दोन वर्षं धडपड करून मागच्या एप्रिलात ते जमवून आणलं. टूरवाल्यांच्या वाटेला जायची ऐपत नव्हती. चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे त्यातल्या त्यात स्वस्त विमान, लंकेत उतरल्यावर साध्या बसने डोंगराजवळचं अनुराधपूर आणि राहायला यात्रेकरूंचं विश्रामगृह. सोबत तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि चिवडा. देवराव म्हणाले, "परदेशात पाणी इकत कोण घेईन? आपली छागल चालू द्या." भावना म्हणाली, "बाबा, लोक हसतीन." कौसल्याबाईंनी मला आधीच भिजू घातलं होतं. विमानतळावर शिपायाने मला उलटं करून झटकलं, उजेडात धरून पाहिलं आणि दुसऱ्या शिपायाला बोलावून दाखवलं. देवरावांना त्याचाही अभिमानच वाटला.

ठरल्याप्रमाणे पहाटे निघून ऊन चढायच्या आत डोंगर उतरायचा होता. पण तीन चाकी गाडी करायची तर पैसे जास्त, म्हणून देवराव बसवर अडून बसले. बस उशिरा आली, गच्च भरून आली. धक्क्यांनी माझं पाणी शेजारच्या माणसाच्या पिशवीवर सांडलं आणि तो रागावला. देवराव ओशाळले. त्यांनी रुमालाची पट्टी फाडली, बुचाला गुंडाळली आणि तळहाताने ठोकून बूच घट्ट बसवलं. "आता हालत नाही," ते म्हणाले. खरंच, त्यानंतर ते बूच त्यांच्याशिवाय कुणाला निघेना.

पायथ्याशी पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. वर ढग, वारा पडलेला. भावनाने फोन पाहिला. "चौतीस डिग्री आहे, बाबा." देवराव खळखळून हसले. "चौतीस? अवं, आपल्या इथं इतकं तं मार्चात राह्यते!" पायरीजवळ एक म्हातारी पिवळी शहाळी घेऊन बसली होती. तिने कौसल्याबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, आभाळाकडे बोट दाखवलं, पदराने वारा घेतल्यासारखं केलं आणि सूर्य खाली गेल्यावर जा, असं हातानेच सांगितलं. मग एक शहाळं पुढे केलं. देवरावांनी मला उचलून तिला दाखवलं आणि मान हलवली.

मित्रांनो, मला काही तरी बिनसल्याचं पहिल्या शंभर पायऱ्यांतच कळलं. मी पाझरत होते, पण वाळत नव्हते. कॅनव्हासावर पाणी नुसतं थबथबून राहिलं होतं आणि पायऱ्यांवर टपकत होतं. तिथल्या हवेच्या पोटात आधीच इतकं पाणी होतं की तिला तहानच नव्हती. ती माझं पाणी पिईना, ताप नेईना. आतलं पाणी कोमट होत चाललं. आणि माणसाचा घाम तरी वेगळा काय असतो? तोही वाळला तरच अंग निवतं. माझ्याबरोबर चढणाऱ्या तिघांचीही कातडी माझ्यासारखीच ओलीचिंब होती आणि आतून तापत होती.

हे माझ्याशिवाय एकीलाच जाणवलं. मधल्या सपाटीवर, चाफ्याच्या झाडाखाली कौसल्याबाईंनी माझ्या अंगावर हात ठेवला. तीसेक उन्हाळे मला हाताळलेला तो हात. त्या म्हणाल्या, "भावनाचे बाबा, छागल थंडी होऊन नाही राहिली आज."

"होईन ना. वरतं वारा राह्यते."

"मले बी कसंतरीच होऊन राहिलं."

"नागपूरची बाई आन चौतीस डिग्रीले भेते का वं?" देवराव लाडानेच म्हणाले. पाठीवर हात ठेवून म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. कौसल्याबाई हसल्या आणि पुढची पायरी चढायला लागल्या.

आता जे सांगते ते नीट ऐका. प्रत्येक थांब्यावर देवराव बूच काढत आणि मला आधी बायकोच्या हातात देत. आपल्याकडे पाणी ओठ न लावता वरून पितात. कौसल्याबाई मान मागे करत, मला वर धरत आणि दोन थेंब जिभेवर पडले की तोंड मिटून घेत. गळा हलवल्यासारखा करत आणि "झालं" म्हणत. परक्या मुलुखात, अनोळखी डोंगरावर संडास कुठे असेल, कुणाला विचारायचं, कोणत्या भाषेत विचारायचं, या काळजीने ती माउली पाणीच पीत नव्हती. बसमध्येही प्यायली नव्हती. सकाळीही नाही. देवराव आणि भावना आपापल्या दमात होते. माझं वजन मला कळत होतं. तिच्या हातून परत येताना ते दर वेळी जेवढ्यास तेवढंच असायचं.

वरच्या अंगणात जोडे काढावे लागतात. तिथे आंब्याची जागा आहे, तिथला पांढरा स्तूप आहे. कौसल्याबाईंनी नागपुरातूनच त्या दिवसासाठी पांढरी साडी आणली होती. तापलेल्या फरशीवर अनवाणी पायांनी त्या पुढे गेल्या, गुडघे टेकले आणि कपाळ टेकवलं. बराच वेळ उठल्या नाहीत. देवरावांना वाटलं, मन भरून आलं असेल. त्यांचेही डोळे भरले होते. बाईंनी बुद्ध-धम्म-संघाला शरण जायचं तिसरण म्हटलं, पण मध्येच शब्द चुकल्या. साठ-पासष्ट वर्षांत ते शब्द त्या कधी चुकल्या नव्हत्या.

त्यापलीकडे एक उभा खडक आहे. त्यात कोरलेल्या पायऱ्या, धरायला लोखंडी कठडा. थेर त्या खडकावर उतरले असं मानतात. कौसल्याबाईंनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं या जाऊन. माह्या वाटचा नमस्कार करजा. मी इथंच सावलीत बसते."

"आई, तुह्याचसाठी तं आलो ना आपण," भावना म्हणाली.

"फोटो आन. मी पाहीन."

देवरावांनी मला बायकोच्या मांडीवर ठेवलं. जाताना, सवयीने, तळहाताने बुचावर एक ठोसा मारला.

खडकावर चढायला रांग होती. पाऊण तास मी त्यांच्या मांडीवर होते. आधी त्या स्वस्थ होत्या. मग त्यांचा हात माझ्यावर आला आणि मला चटका बसला. तो हात कोरडा ठणठणीत होता. घाम थांबला होता आणि अंग भट्टी झालं होतं. त्या माझ्याशी बोलू लागल्या. आधी म्हणाल्या, सक्करदऱ्याच्या तलावावर किती धूळ उडून राहिली. मग म्हणाल्या, "आई, मले खाली ठेव. गर्दी लय आहे." मग पाणी मागितलं. आता त्यांना खरंच प्यायचं होतं, मित्रांनो. संडासाची, परक्या भाषेची काळजी त्यांच्या मनातून पुसून गेली होती. त्यांनी बुचाला हात घातला. बोटं घसरली. दोन्ही हातांनी पिरगाळलं. मग मला तोंडाशी नेऊन पुढच्या दातांनी बूच धरलं आणि ओढलं. दोनदा ओढलं. मी अर्ध्याहून जास्त भरलेली होते.

माझ्याकडून एवढंच झालं की मी पाझरत राहिले. त्यांची साडी मांडीवर ओली झाली. त्यांनी तो ओला पदर तोंडाशी नेला, पण चोखायचं बळ राहिलं नव्हतं. मग मान भिंतीला टेकली. समोरून यात्रेकरू जात होते. एका बाईने आपल्या मुलांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. म्हातारीची झोप मोडू नये म्हणून ते सगळे पाऊल न वाजवता गेले.

"कौसल्या! अवं, पाह्य, किती मस्त फोटो आला," असं म्हणतच देवराव उतरले.

पुढचं भराभर सांगते. भावनाची किंकाळी ऐकून लोक धावले. कुणी चादर आणली आणि चौघांनी बाईंना उचलून खाली नेलं. पायथ्याची शहाळेवाली म्हातारी रिक्षात चढून सोबत आली आणि वाटभर त्यांचे तळपाय ओल्या फडक्याने पुसत राहिली. दवाखान्यात डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. चार वाजता ते बाहेर आले आणि भावनाशी इंग्रजीत बोलले. उष्माघात. आणायला उशीर झाला. भावनाने बापाला मराठीत सांगितलं.

देवराव डॉक्टरांकडे पाहत म्हणाले, "सायब, आम्ही नागपूरचे आहो. सत्तेचाळीस डिग्रीतले. आम्हाले ऊन कसं लागन?"

भावनाने हे डॉक्टरांना सांगितलंच नाही.

बाकावर मी पडले होते. काही तरी हातात धरायचं म्हणून देवरावांनी मला उचललं आणि त्यांचा हात जागीच थांबला. आयुष्य काढलं होतं त्यांनी मला उचलण्यात. सकाळपासून तिघं पितात तर छागल किती हलकी व्हायला हवी, हे त्यांच्या मनगटाला पाठ होतं. त्यांनी मला खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "भावना," ते म्हणाले, "इनं पाणी पेलंच नाही." मग त्यांना बूच दिसलं. त्यांनी खुणांवरून अंगठा फिरवला. बूच काढायला गेले तर त्यांच्याही हातून ते निघेना.

कौसल्याबाईंना तिथेच निरोप दिला. तिथल्या भिक्खूंनी म्हटलेलं तिसरण शब्द न् शब्द आपल्या विहारातलंच होतं.

घरी आल्यावर त्यांनी मला फेकलं नाही, पण खिळ्यालाही टांगलं नाही. कोठीत, तारांच्या वेटोळ्याखाली कोंबलं. भावनाने एकदा न राहवून त्यांना सांगितलं, की बाया प्रवासात पाणी काहून पेत नाही, ते बाप्या माणसाले कधी समजतच नाही. वर्षभर मी अंधारात सुकत पडले. सूत आखडलं, कडा कडक झाल्या. मला वाटलं, आता संपलं. वाईटही वाटलं नाही.

या एप्रिलात देवरावांनी मला बाहेर काढलं. कौसल्याबाई घालायच्या तशीच बादलीत भिजू घातली. पहिले दोन दिवस मी चाळणीसारखी गळले, तिसऱ्या दिवशी सुताने पाणी धरलं. मला त्यांनी फाटकाशी कडुनिंबाला टांगलंय. पण तोंडाला बूच लावलेलं नाही. एका बोटाने सरकेल असा धुतलेला कपडा बांधलाय. बूच त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतं, पूर्वी कांदा असायचा तिथे.

परवा दुपारची गोष्ट. हातगाडीवर भाजी विकणारी शामला फाटकाशी थांबली. देवरावांनी तिला मला दिलं. तिने मान मागे केली, जिभेवर दोन थेंब घेतले आणि म्हणाली, "झालं, बाबाजी."

"नाही झालं," देवराव म्हणाले. "मी पाह्यलं. घोट उतरला नाही."

शामला ओशाळली.

देवराव दुसरीकडे पाहत, हळू आवाजात म्हणाले, "मांगच्या अंगणात संडास आहे, बाई. कडी लागते आतून. भावना घरी आहे. कधी बी येत जाय. आता पे. पोटभर पे."

मग शामलाने मला वर उचललं आणि ती प्याली. मी तिच्या हातात हलकी हलकी होत गेले. आणि हा सत्तरी ओलांडलेला माणूस, ज्याने आयुष्यभर कुणाच्या उन्हाची पर्वा केली नाही, फाटकाला धरून उभा राहिला आणि तिचा एकेक घोट खाली उतरेपर्यंत मोजत राहिला. त्याच्या खिशात बुचावर मूठ आवळलेली मला दिसत होती.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा असं तुम्ही माझ्याकडून ऐकायला बसला असाल. मला नाही जपलं तरी चालेल. मी कापड आहे, फाटेन कधी तरी. पण तुमच्या घरात अशी एखादी आई, एखादी आजी असेल, जी सगळ्यांच्या आधी "मला नको" म्हणते आणि सगळ्यांच्या आधी "झालं" म्हणते. तिच्या हातात पाणी देऊन तोंड फिरवू नका. तिथे थोडं थांबा आणि ती खरंच पिते का ते बघा. त्या दिवशी डोंगरावर कौसल्याबाईंना प्रत्येक थांब्यावर सगळ्यांच्या आधी पाणी दिलं होतं, आणि एकदाही त्यांच्या गळ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.